तुम्ही कधी कधी मोकळे असता?

मुलाखत ह्या प्रकाराशी माझा संबंध तसा जुना. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढल्यावर, दिलेल्या आणि घेतलेल्या मुलाखतींची बेरीज केली तर दोनशेच्या वर सहज जाईल. फळ्यावर लिंक्ड लिस्ट उलटी करून दाखवणं, पार्किंगच्या इमारतीचं डिझाइन करणं, "तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता" ह्यावर "मी फार मन लावून काम करतो" असं निर्लज्ज उत्तर देणं, सगळं करून झालंय. पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली मुलाखत पंचवीस मिनिटांची होती, आणि ती तासाला साडेसतरा डॉलरच्या नोकरीसाठी होती. एका अवाढव्य दुकानात शेल्फांवर सामान लावायचं काम. त्या मुलाखतीवरून माझं एक मत झालंय, ते आज एकदाचं लिहून टाकतो. (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.)

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझी नोकरी गेली. आम्ही राहतो ऑरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टनजवळ. इथे आजूबाजूला चार घरं सोडून एक तरी कॉम्प्युटरवाला सापडतोच, त्यामुळे त्या वर्षी गल्लीत दुपारी कुत्री फिरवणाऱ्या पुरुषांची संख्या अचानक वाढली होती. त्यातला एक मी. ग्रीन कार्ड झालेलं होतं म्हणून निदान श्वास घेता आला. एच-१बीवर असतो तर साठ दिवसांचं घड्याळ डोक्यावर टिकटिकलं असतं, आणि दुकानात काम करायचा तर प्रश्नच नव्हता. दोन महिने रोज सकाळी लॅपटॉप उघडून अर्ज केले. पाच-पाच फेऱ्यांच्या मुलाखती झाल्या, मग "आम्ही दुसऱ्या उमेदवाराबरोबर पुढे जात आहोत" अशी सभ्य पत्रं आली. ऑक्टोबरात बायको म्हणाली, "अरे, तू असाच घरात बसलास तर आधी तू वेडा होशील आणि मग मी. जा कुठेतरी कामाला. कुठेही."

आणि घराचा हप्ता होताच. बायकोच्या पगारात तो भागत होता, पण भागत होता एवढंच.

तर दिवाळीच्या आसपास इथली मोठी दुकानं सुट्ट्यांच्या गर्दीसाठी माणसं भरतात. मी अर्ज केला. नाव-पत्ता झाला, मग साठ-सत्तर प्रश्न आले. "लोक माझ्याशी उद्धटपणे वागले तरी मी शांत राहतो" अशा छापाची विधानं, आणि समोर 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंतचे गोल. अशा प्रश्नावल्यांचा धंदा करणारी एक प्रसिद्ध कंपनी, युनिक्रू, आमच्या बीव्हर्टनचीच. दुकानात एक कॉम्प्युटर ठेवलेला असायचा, उमेदवारानं त्यावर उत्तरं द्यायची आणि मॅनेजरला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिसायचा. २००६ साली क्रोनॉसनं ती विकत घेतली. म्हणजे माणसाला सिग्नलच्या रंगात बसवायचं काम माझ्या घरापासून चार मैलांवर सुरू होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

पण प्रश्नावली ही खरी परीक्षा नव्हतीच. खरी परीक्षा त्याच्या पुढच्या पानावर होती. तिथे एक तक्ता होता. वरती सोमवार ते रविवार, डावीकडे पहाटे पाच ते रात्री अकरा. तुम्ही कधी कधी काम करू शकता त्या चौकोनांवर टिक करा. मी काय, बेकार माणूस. 'सर्व निवडा' असं एक बटण होतं, ते दाबलं आणि चहा करायला गेलो.

तीन दिवसांनी मेसेज आला, मुलाखतीला या.

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. जावं की साध्या टी-शर्टात जावं ह्यावर आमच्या घरात अर्धा तास चर्चा झाली होती. मागच्या बाजूला कर्मचाऱ्यांची जेवायची खोली होती. लॉकर, मायक्रोवेव्ह, "पाठ सांभाळून वजन उचला" असं सांगणारं पोस्टर. आम्ही तिघं होतो. एक एकोणीस-वीस वर्षांचा कॉलेजचा पोरगा, एक पन्नाशीच्या बाई, आणि मी. मॅनेजरीणबाई असतील सत्तावीस-अठ्ठावीसच्या. हातात एक टॅबलेट, कंबरेला वॉकीटॉकी, आणि चेहऱ्यावर सकाळी चारपासून जागं असल्याचा थकवा. वागायला अतिशय चांगल्या.

त्यांनी विचारलं, वीस किलोचं खोकं उचलता येईल का? आठ तास उभं राहता येईल का? सहकारी चोरी करताना दिसला तर काय कराल? रागावलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही कसं हाताळलंत त्याचा एखादा प्रसंग सांगा. मी माझ्या आयुष्यातलं एकमेव गिऱ्हाईक आठवलं, एका विमा कंपनीचा उपाध्यक्ष, ज्याचा डेटाबेस आम्ही शुक्रवारी संध्याकाळी पाडला होता. तो प्रसंग बराच सौम्य करून सांगितला. बाईंनी सांगितलेला प्रसंग मात्र खराखुरा होता. त्यांनी ह्याच प्रकारच्या दुसऱ्या एका दुकानात नऊ वर्षं काम केलं होतं, ती शाखा बंद झाली म्हणून त्या इथे आल्या होत्या. कुठला माल खाली ठेवायचा, कुठला डोळ्यांच्या पातळीवर, पावती हरवलेल्या म्हाताऱ्या माणसाशी काय बोलायचं, सगळं त्यांना पाठ. मी कान देऊन ऐकत होतो. मनात म्हटलं, ही मुलाखत मी घेत असतो तर निकाल इथेच लागला.

ह्या सगळ्याला दहा मिनिटं लागली. उरलेली पंधरा मिनिटं फक्त त्या तक्त्याबद्दल होती.

पोराला विचारलं, मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तुझा तास आहे, तो पुढच्या सत्रात बदलता येईल का? मला विचारलं, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी पहाटे? ख्रिसमसच्या आदल्या रात्री? मी आपला नंदीबैलासारखा मान हलवतोय. मग बाईंची पाळी आली. त्यांनी सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊ ते दोन आणि रविवार पूर्ण असं लिहिलं होतं. अडीच वाजता नातीला शाळेतून आणायचं असतं. मॅनेजरीणबाईंनी तीन वेळा, तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारलं, संध्याकाळी काही जमेल का? पहिल्यांदा त्या म्हणाल्या नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, गुरुवारी जावेला विचारून बघते. तिसऱ्यांदा म्हणाल्या, गुरुवार आणि शुक्रवार जमवीन. मुलाखतीला आलेलं माणूस आपल्या घराचे खांब एकेक करून काढून टेबलावर ठेवतंय आणि समोरचा टॅबलेटवर ते टिपून घेतोय, असं ते दृश्य होतं. मी खाली बघत बसलो.

दोन दिवसांनी मला मेसेज आला, अभिनंदन. त्या बाई मला दुकानात पुन्हा दिसल्या नाहीत. त्या खोलीत सगळ्यात कमी लायक मी होतो आणि सगळ्यात जास्त मोकळा मीच होतो.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. तो तक्ता मी पहिल्यांदा पाहत नव्हतो. २००५ ते २००७ ह्या काळात मी पुण्याला हिंजवडीत नोकरी करायचो. आमचा क्लाएंट अमेरिकेतल्या मोठमोठ्या दुकानांसाठी पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर विकायचा आणि त्यातला 'कोणाला कुठली पाळी' हा भाग आमच्या टीमकडे होता. गेल्या वर्षांच्या विक्रीवरून दर पंधरा मिनिटांना किती गिऱ्हाइकं येतील ह्याचा अंदाज, त्यावरून किती माणसं लागतील, आणि मग उपलब्ध माणसांतून कमीत कमी पैशांत पाळ्या भरायच्या. चोवीस वर्षांच्या पोराला ह्यापेक्षा सुंदर कोडं दुसरं कुठलं मिळणार! एका दुकानाचं वेळापत्रक काढायला चाळीस मिनिटं लागायची, ती मी तीन मिनिटांवर आणली. टीम लीडनं सगळ्यांना एफसी रोडवर नेऊन पार्टी दिली.

त्या कोडमध्ये दोन गोष्टी होत्या, त्या मला अजून आठवतात. एक म्हणजे दोन माणसं सारखीच बसत असतील तर ज्याच्या तक्त्यात जास्त टिका त्याला वर ठेवायचं. दुसरी म्हणजे 'किमान तास' असा एक रकाना होता. माणसाला आठवड्याला निदान इतके तास मिळावेत, असा. तो नियम सक्तीचा नव्हता, त्याला वजन देता यायचं. मूळ वजन होतं शून्य. दुकानाला हवं तर वाढवावं. ते शून्य मी माझ्या हातानं टाइप केलंय. असं का असावं, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. स्पेकमध्ये होतं, लिहिलं, टेस्ट पास झाली, घरी गेलो.

ज्यांना हे गणित परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशा प्रोग्रामला आपण एक आकडा कमी करायला सांगतो, इथे तो पगाराचा खर्च. ज्या गोष्टीची किंमत त्या आकड्यात धरलेली नसते ती प्रोग्रामच्या दृष्टीनं फुकट असते, आणि फुकट गोष्ट तो हवी तेवढी वापरतो. माणसानं मोकळा ठेवलेला वेळ आम्ही त्या आकड्यात धरला नव्हता.

तो वेळ किती, हे मी नोव्हेंबर ते जानेवारी स्वतःच्या अंगावर मोजलं. मी टिक केलेले चौकोन म्हणजे रोज अठरा तास, आठवड्याला १२६. मला मिळालेलं काम सरासरी आठवड्याला एकवीस तास. म्हणजे सहा तास मोकळे ठेवले तेव्हा एका तासाचे पैसे मिळाले. साडेसतराला सहानं भागा, तीन डॉलरही होत नाहीत. अर्थात हे जरा ताणलेलं गणित आहे, कबूल. त्या १२६ तासांत मी झोपतही होतोच, आणि पहाटे पाचला मला दुसरं कोण काम देणार होतं? पण मुद्दा खोटा नाही. एका आठवड्यात मंगळवार पहाट, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार दुपार; पुढच्या आठवड्यात बुधवार, गुरुवार आणि शनिवारची रात्र. एकवीस तासांत घर चालत नाही म्हणून दुसरी अर्धवेळ नोकरी धरायला जावं तर तिथेही तोच तक्ता पुढे येतो आणि त्यात खरं काय लिहिणार? बायकोची नोकरी असल्यामुळे मला त्याची झळ लागली नाही. माझ्याबरोबर दूध आणि दह्याचे ट्रक उतरवणाऱ्यांपैकी निम्म्यांना लागत होती.

म्हणून माझं मत असं. तासाच्या नोकरीची मुलाखत ही तुम्हाला काम येतं का हे बघायला नसते. तुम्ही किती वेळ फुकट अडवून ठेवू द्याल, ह्याची ती बोली असते. आणि ती बोली अशा पद्धतीनं लावतात की तुम्ही काय देता आहात ते तुमच्या लक्षातच येऊ नये. बार्बरा एरनराइक नावाच्या लेखिका पत्रकार होत्या, २०२२ मध्ये वारल्या. त्यांनी हॉटेलात, घरं साफ करण्यात आणि मिनेसोटातल्या एका मोठ्या दुकानात स्वतः नोकऱ्या करून 'निकल अँड डाइम्ड' हे पुस्तक लिहिलं, २००१ साली. त्यात त्यांचं एक निरीक्षण आहे: ह्या नोकऱ्यांत तुम्ही आधी अर्जदार असता आणि एकदम नवीन कर्मचारी म्हणून माहिती घेत बसलेले असता. मधली, समोरासमोर बसून 'काय देता बोला' म्हणायची पायरीच नसते. माझंही तसंच झालं. सॉफ्टवेअरच्या नोकरीत ऑफर आल्यावर मी तीन दिवस घासाघीस करतो. इथे अभिनंदनाच्या मेसेजखालीच पहिल्या दिवसाची वेळ होती.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती रडेल. इंजिनियर मुलगा अमेरिकेत जाऊन दुकानात खोकी फोडतोय म्हणून. ती म्हणाली, "म्हणजे बदलीच की रे. तुझ्या आबांसारखा."

आबा म्हणजे माझे आजोबा. साताऱ्याकडून मुंबईला आले आणि लालबागच्या एका गिरणीत लागले, ते बदली म्हणून. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: गिरणीत कायम कामगार असत आणि त्यांच्याशिवाय बदली कामगार असत. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी बदलीला घ्यायचं. त्यासाठी बदलीनं रोज पाळीच्या आधी गिरणीच्या दारात हजर व्हायचं. नाव पुकारलं तर आत, नाही तर घरी. काही जण दुसऱ्या पाळीला पुन्हा येऊन उभे राहत. आबा असे सात वर्षं उभे राहिले. आजी म्हणायची, भोंगा झाला की मी डबा भरायचे, आणि अर्ध्या तासात डबा परत आला तर काय समजायचं ते समजायचे. १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप झाला, त्याच्या मागण्यांत बदली कामगारांना कायम करा ही पण मागणी होती. तो संप कसा संपला हे मराठी माणसाला सांगायला नको.

आईच्या त्या एका वाक्यानंतर माझी रात्रीची झोप गेली. दारावर उभं राहून "तू ये, तू जा" म्हणणारा माणूस आमच्या घरातल्या गोष्टींमध्ये नेहमी खलनायक असायचा. त्याचंच काम मी हिंजवडीत एसी हॉलमध्ये बसून सी प्लस प्लसमध्ये लिहिलं होतं, आणि त्याबद्दल पार्टी खाल्ली होती. फरक एवढाच की आता दारात उभं राहावं लागत नाही, फोन खिशात असतो. आबांना निदान हजारभर माणसं आपल्याबरोबर उभी आहेत हे दिसत होतं.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हा लेख म्हणजे नुसता उमाळा होईल.

दुकानाला मोकळी माणसं लागतात कारण गिऱ्हाइकं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी येतात, मंगळवारी सकाळी अकराला नाही. गर्दी कमी-जास्त होते हे खरं. त्या कॉलेजच्या पोराला आठवड्याला बाराच तास हवे होते आणि परीक्षेच्या आठवड्यात शून्य, त्याला ही लवचीकता सोयीचीच होती. आणि मॅनेजरीणबाई? डिसेंबरात एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना थोडं खोदून विचारलं. त्यांना वरून बजेट येतं ते तासांत येतं. विक्री घसरली की तास कापून येतात. यादी मशीन लावतं, त्यांना ती बदलता येते, पण किती वेळा बदलली ह्याचा अहवाल वर जातो. (हा अहवालही आमच्या सॉफ्टवेअरमध्ये होता!) त्यात ऑफर्डेबल केअर कायद्याप्रमाणे मोठ्या मालकाला सरासरी तीस तास करणाऱ्याला आरोग्यविमा देऊ करावा लागतो, म्हणजे तिसाच्या खाली ठेवण्यात दुकानाचा फायदा. तेव्हा त्या बाईंना वाईट ठरवून काही मिळणार नाही. त्या स्वतः टॅबलेटच्या नोकर होत्या.

"पण मग धंदा कसा चालणार?" ह्याचं उत्तर मात्र उपलब्ध आहे. २०१५-१६ मध्ये गॅप ह्या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या २८ दुकानांत एक प्रयोग झाला. जोन विल्यम्स, सुसान लँबर्ट आणि शरवणन केशवन ह्या संशोधकांनी तो केला. काही दुकानांत पाळ्यांच्या सुरू व्हायच्या आणि संपायच्या वेळा ठरावीक ठेवल्या, काही माणसांना निदान वीस तासांची हमी दिली, आपसांत पाळी बदलायची सोय दिली. बाकीची दुकानं जशीच्या तशी. २०१८ साली निकाल जाहीर झाला: स्थिर पाळ्या असलेल्या दुकानांत विक्री ७ टक्क्यांनी आणि दर तासामागची उत्पादकता ५ टक्क्यांनी जास्त. कारण साधं आहे. माल कुठे आहे हे माहीत असलेलं माणूस दुकानात असलं तर गिऱ्हाइकाला वस्तू सापडते. माझ्याकडून पहिल्या आठवड्यात कोणाला काही सापडलं असेल तर तो चमत्कारच! :)

कायद्यानंही थोडं काम केलंय. ऑरेगननं २०१७ साली पाळ्यांबद्दल कायदा केला, असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. पाचशे किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या दुकानांना, हॉटेलांना आणि खानावळींना वेळापत्रक लेखी आणि आधी द्यावं लागतं. २०१८ पासून सात दिवस आधी, २०२० च्या जुलैपासून चौदा दिवस आधी. दोन पाळ्यांमध्ये दहा तास विश्रांती, नाही तर दीडपट पगार. नोकरीला घेताना साधारण किती तास मिळतील ह्याचा प्रामाणिक अंदाजही लेखी द्यायचा. मला तो कागद मिळाला, त्यावर सही केली. पण कायदा अंदाज मागतो, हमी मागत नाही. आणि अंदाज हातात येतो तो नोकरी स्वीकारल्यावर. तक्ता मात्र अर्जाबरोबरच भरून घेतलेला असतो.

माझ्या मते ही चूक तिथेच दुरुस्त व्हायला हवी. क्रम उलटा करा. आधी दुकानानं सांगावं, ह्या जागेला आठवड्याला किमान इतके तास, ह्या पट्ट्यात. मग उमेदवारानं सांगावं, जमतंय की नाही. आणि ज्याला हमीच्या तासांपलीकडे मोकळं राहायला सांगायचं असेल त्याला त्या मोकळेपणाचे थोडे का होईना पैसे द्यावेत. आम्ही सॉफ्टवेअरवाले रात्री पेजर सांभाळतो तेव्हा बऱ्याच कंपन्या नुसतं जागेवर राहायचे पैसे देतात. सर्व्हर पडला नाही तरी देतात. मग दूध लावणाऱ्याचा वेळ फुकट आणि माझा विकतचा, हे कुठल्या न्यायानं?

आणि जे कोणी अशी सॉफ्टवेअर लिहीत असतील (वाचणाऱ्यांत असे असणार, आपल्याकडे पुण्यात आणि बंगळुरात हे काम भरपूर चालतं) त्यांना माझी विनंती आहे. मूळ वजन काय ठेवायचं हे तुमच्या हातात असतं. क्लाएंट बदलू शकतो म्हणून आपण सुटत नाही. मूळ सेटिंग सहसा कोणी बदलत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला माहीत आहे? मीटिंगमध्ये एकदा हात वर करून विचारा की हे शून्य का आहे. मी विचारलं नव्हतं.

मला २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा आपली नेहमीची नोकरी मिळाली. सहा तासांची मुलाखत झाली, त्यात एकानंही विचारलं नाही की तुम्ही कधी कधी मोकळे असता.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमचे चिरंजीव. वय वर्षं सोळा. उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःचे पैसे कमवायची हुक्की आलीय. मघाशी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसला होता आणि तिथून ओरडला, "बाबा, इथे सिलेक्ट ऑल करू ना? तसं केलं की लवकर घेतात म्हणे."

मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो. त्याला आबांची गोष्ट सांगितली, ती त्यानं अर्धवट ऐकली. मग एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले, मुलाखतीत विचारायला. आठवड्याला नक्की किती तास? वेळापत्रक किती दिवस आधी हातात पडेल? आणि ऐनवेळी बोलावण्याच्या यादीवर सही केली नाही तर चालेल का? (ऑरेगनच्या कायद्यात ती यादी ऐच्छिक आहे. सही न करण्याचा हक्क आहे, हे मला काम लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात कळलं.) तो म्हणाला, "असं विचारलं तर घेणार नाहीत मला." मी म्हटलं, कदाचित नाही घेणार. पण तुझं पोट त्यावर नाही ना, मग ज्यांचं आहे त्यांना विचारता येत नाही ते तू विचारून तर ये.

अजून 'सर्व निवडा' दाबलेलं नाही. बघू काय करतोय.

असो. पाऊस थांबलाय, गवत कापायचं राहिलंय, बायकोनं दोनदा हाक मारली आहे. बाकी पुढच्या शनिवारी.